विश्लेषण : जुन्या गाडीचे सस्पेन्शन दुरुस्त करताना पैसे कुठे वाचवावेत, कुठे मुळीच नाही?

पंधरा वर्षांची स्विफ्ट, आय-टेन किंवा वॅगन-आर जुहूतल्या कित्येक सोसायट्यांतून आजही रोज बाहेर पडते. सकाळी शाळा, मग अंधेरी किंवा वांद्रे-कुर्ला संकुल, संध्याकाळी बाजार. इंजिन धडधाकट असते, एसी गार करतो. फक्त खड्डा आला की पुढच्या चाकातून ‘खट्’ असा आवाज येतो आणि गतिरोधकावर त्याची खडखड होते. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली जाते आणि यादी हातात पडते : दोन शॉकअप, दोन लोअर आर्म, लिंक रॉड, टाय रॉड एंड, माउंटिंग. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, ‘कंपनीचा टाकू की लोकल?’

या प्रश्नाला सगळ्या यादीसाठी एकच उत्तर देण्याची सवय महागात पडते. यादीतले काही भाग निकामी झाले तर फक्त आवाज वाढतो. काही निकामी झाले तर धावत्या गाडीचे चाक मुडपते. ‘हा भाग पश्चिम द्रुतगती मार्गावर, ताशी ७० किलोमीटर वेगात तुटला तर काय होईल?’ हा प्रश्न प्रत्येक भागाला वेगळा विचारला, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे राखायचे ते बऱ्यापैकी स्पष्ट होते.

कोणता भाग काय काम करतो?

गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, वजन पेलत नाही. स्प्रिंग एकदा दबली की ती वर-खाली नाचत राहते. तो नाच थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा सोडणारी असल्याने ती जगभर पसरली.

या रचनेत स्ट्रट वरून गाडीच्या सांगाड्याला माउंटिंगने धरलेला असतो. खालून चाकाला जागेवर धरतो तो लोअर आर्म. आर्म सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतात आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट. टाय रॉड एंड स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेतो. लिंक रॉड वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडलेला असतो. कुरकुर बहुतेक वेळा याच लिंक रॉडची असते आणि बदलला जातो बिचारा शॉकअप.

जुहूच्या गाड्यांचे दुखणे वेगळे का?

पहिले कारण समुद्र. जुहूत समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटला चढा भाव मिळतो. तोच समुद्र खाली उभ्या असलेल्या गाडीची किंमत उतरवतो. खारी हवा स्प्रिंगच्या रंगाला दगडाने पडलेल्या टवक्यातून आत शिरते. स्प्रिंगचे सगळ्यात खालचे वेटोळे ज्या खोलगट बैठकीत बसते तिथे चिखल आणि ओल साचून राहते. गंज तिथे आधी लागतो आणि स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते.

दुसरे कारण गाडीच्या वापराची तऱ्हा. इथली घरची गाडी वर्षाला फार किलोमीटर चालत नाही. म्हणून ‘अजून पन्नास हजारही झाले नाहीत, सस्पेन्शन कसे जाईल?’ असा प्रश्न मालक विचारतो. पण रबर किलोमीटर मोजत नाही. ऊन, ओझोन आणि ओल यांनी ते वर्षांच्या हिशेबाने कडक होते आणि तडकते. पंधरा वर्षांच्या गाडीचे बुश मीटरवर कितीही कमी आकडा असला तरी पंधरा वर्षांचेच असतात.

तिसरे कारण अर्थातच रस्ते. मुंबईतल्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा प्रारंभ १९ जानेवारी २०२३ रोजी झाला. काँक्रीट झालेला पट्टा गुळगुळीत असतो. मार बसतो तो त्याच्या कडेला. काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथली पायरी, खचलेले मॅनहोल, केबलसाठी खणून घाईत बुजवलेला चर. त्यात अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला आणि पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. या काळात पूर्व-पश्चिम जाणारी बरीच वाहने पार्ले, सांताक्रूझ, मिलन सबवेच्या आडवाटांनी फिरली.

गतिरोधकांची कथा निराळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यामुळे गाडी त्यावर हळूच चढते आणि उतरते. सोसायटीच्या फाटकात ठोकलेली वीतभर रुंदीची काळी-पिवळी रबरी पट्टी त्याच नावाने ओळखली जाते. बुश आणि माउंटिंग यांना तिचा धक्का दिवसातून चार वेळा, वर्षभर बसतो.

कोणत्या भागांत तडजोड नको?

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. बॉल जॉइंट खोबणीतून निसटला तर चाकाचा खालचा आधार जातो, चाक बाहेरच्या बाजूला मुडपते आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. टाय रॉड एंड सुटला तर स्टिअरिंग फिरवूनही ते चाक वळत नाही. सिग्नलवर असे झाले तर टोइंगचा खर्च. उड्डाणपुलाच्या उतारावर झाले तर काय, ते लिहायची गरज नाही. हे दोन भाग नामांकित कंपनीचे, नवे आणि आपल्याच मॉडेलचे असावेत. इथे वाचणारे तीन-चारशे रुपये वाचवण्यासारखे नाहीत. गाडी पुढच्या महिन्यात विकायची असली तरीही नाहीत, कारण नंतर ती कुणीतरी चालवणारच आहे.

या भागांचा शत्रू खड्ड्याहून अधिक पाणी आहे. बॉल जॉइंटवर ग्रीस धरून ठेवणारी छोटी रबरी टोपी असते. ती फाटली की पावसाळ्यात पाणी आणि वाळू आत जाते आणि जॉइंट झपाट्याने झिजतो. म्हणून सस्पेन्शनची तपासणी मे महिन्यात करावी. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करण्याची मुंबईची रीत शॉकअपच्या बाबतीत ठीक आहे. टोप्यांच्या बाबतीत तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

तिसरा क्रमांक स्प्रिंगचा. तुटलेल्या स्प्रिंगचे टोक टायर कापू शकते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक दबलेली असेल तर गाडी एका अंगाला कलते.

शॉकअप चौथा, पण त्याला हलके लेखू नये. झिजलेला शॉकअप ‘गाडी थोडी उडते’ एवढ्यावर थांबत नाही. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक रस्ता सोडून सोडून टेकते आणि थांबायला जास्त अंतर लागते. सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या अनेक स्वस्त प्रकारांत ते नाही, त्यामुळे या गाड्यांत चाक रस्त्याला चिकटून राहण्याची बरीचशी जबाबदारी टायर आणि शॉकअपवर येते. बॉनेट दाबून सोडण्याची चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती अगदी मेलेला शॉकअपच पकडते. नळीवर ओघळलेले तेल आणि टायरवर हाताला लागणारे उंचवटे-खळगे या खुणा जास्त भरवशाच्या. नळीवर नुसती धूळ चिकटवणारा तेलकट थर म्हणजे गळती नव्हे. तेवढ्यावरून शॉकअप बदलायला सांगितले तर दुसऱ्या गॅरेजला दाखवावे.

काटकसर करता येते ती लिंक रॉडवर. तो काही शेकड्यांत मिळतो, बदलायला सोपा असतो आणि तुटला तरी गाडी ताब्यात राहते, वळणावर थोडी जास्त कलते इतकेच. बंप स्टॉप आणि धुळीचे रबरी आवरण हेही स्वस्त भाग, पण शॉकअप उघडलाच आहे तर ते नवे टाकावेत. माउंटिंगचेही तसेच. जुने माउंटिंग ठेवून नवा शॉकअप बसवला आणि दोन महिन्यांत माउंटिंग गेले, तर मजुरी पुन्हा सगळी द्यावी लागते.

‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ यांच्या मध्ये काय असते?

गॅरेजच्या बोलीत दोनच पर्याय असतात. प्रत्यक्षात निदान चार आहेत. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला भाग. तोच भाग बनवणाऱ्या पुरवठादाराचा स्वतःच्या खोक्यातला. दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा. आणि नाव-गाव नसलेला.

गाडी बनवणारी कंपनी शॉकअप किंवा बॉल जॉइंट सहसा स्वतः बनवत नाही. ते पुरवठादारांकडून येतात. शॉकअपमध्ये गॅब्रिएल, मन्रो, केवायबी आणि स्टिअरिंग-सस्पेन्शनच्या जोडांमध्ये राणे ही नावे दुकानांत नेहमी दिसतात. यातले गॅब्रिएल तर मुंबईच्या उपनगरातलेच. १९६१ मध्ये मुलुंडला त्याचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट बनत होती, जिची पुढे पद्मिनी झाली. पद्मिनीच्या मागच्या बाजूला पाट्यांची कमान होती. टॅक्सीवाले ती बसली की पाटा बदलून किंवा वाढवून घेत. ‘सस्पेन्शन म्हणजे कुठेही, कुणाकडूनही दुरुस्त होणारी वस्तू’ हा मुंबईकरांचा समज बहुधा त्या काळातून आलेला असावा. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून गेली, समज राहिला.

जुन्या गाडीसाठी दुसरा पर्याय, म्हणजे मूळ पुरवठादाराचा त्याच्याच खोक्यातला माल, बहुतेक वेळा सगळ्यात शहाणपणाचा ठरतो. दर्जा जवळपास तोच, किंमत कमी. मात्र आपल्या गाडीला मुळात कुणाचा भाग होता हे आधी बघावे. जुन्या शॉकअपवर नाव कोरलेले असते. गाडीच्या कंपनीचाच भाग घ्यावा असे दोन प्रसंग आहेत : बाजारात त्या मॉडेलचा नावाजलेला पर्यायच नसेल तेव्हा, आणि दुकानदार ‘हे पण बसते’ असे म्हणेल तेव्हा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, कारण डिझेल इंजिन जड असते. भाग चॅसी क्रमांकावरून काढून घेतला तर ही भानगड राहत नाही.

खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे वेष्टित मालाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. होलोग्रामपेक्षा आधी हे पाहावे. रबरी भाग असेल तर महिना-वर्ष फार महत्त्वाचे. सहा वर्षे दुकानात पडलेला बुश नवा म्हणून घेण्यात अर्थ नाही.

किमतीबाबत आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी यातल्या बहुतेक भागांवर २८ टक्के होता. करासह १,२८० रुपयांचा जुन्या दराचा भाग नव्या दराने १,१८० रुपयांचा होतो. जुन्या किमतीचे खोके पुढे आले तर हा हिशेब दुकानदारासमोर मांडायला हरकत नाही, आणि पक्के बिल मागायलाही.

कुर्ल्याचा जुना माल चालेल का?

मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग म्हटले की मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडचे नाव निघते. तिथे जाणे वाईट नाही, काय आणायचे ते ठरवून जावे. चाकाचा नकल, आर्म ज्याला जोडला जातो तो क्रॉस मेंबर असे जाड लोखंडी भाग वाकलेले-तडकलेले नसतील तर जुने चालतात, आणि नव्यांच्या तुलनेत बरेच स्वस्त पडतात. ज्यांत रबर, तेल किंवा बॉल आहे ते मात्र जुने घेऊ नयेत. ‘कमी चाललेल्या गाडीचा’ शॉकअप ही शिफारस निरर्थक आहे. ती गाडी मोडीत का निघाली, हे कुणालाच माहीत नसते. अपघातात निघाली असेल तर तो भागही त्या अपघातात होता.

सीएनजी गाड्यांना वेगळे काही लागते का?

मुंबईत हा प्रश्न मोठा आहे. डिकीत बसवलेली ६० लिटरची पोलादी टाकी साधारण ६० ते ७० किलोंची असते, म्हणजे मागे एक माणूस कायमचा बसलेला. काही वर्षांत मागच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडीची शेपूट खाली येते. यावर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी किंवा प्लास्टिकचा बफर अडकवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. गाडी उचललेली दिसते, हे खरे. पण बफर अडकलेले वेटोळे दबायचे थांबते, त्याचा ताण उरलेल्यांवर जातो आणि स्प्रिंग कडक होते. मागच्या सीटवर बसलेल्या आजी-आजोबांना ते लगेच कळते. गंजलेल्या स्प्रिंगमध्ये तर बफर घालूच नये. त्याच कंपनीच्या कारखान्यातून सीएनजी घेऊन येणाऱ्या प्रकारासाठी वेगळी मागची स्प्रिंग असेल तर ती मागवावी. नसेल तर नव्या मूळ स्प्रिंगा टाकून मोकळे व्हावे.

कडक पॉलियुरेथेनचे बुश आणि गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा यांबद्दल एकच : जुहू तारा रोडवर रोज चालणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

खड्ड्याने झालेल्या नुकसानीचे पैसे कोण देणार?

जवळपास सगळे मालकालाच द्यावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो माणसांसाठी आहे, वाकलेल्या आर्मसाठी नाही.

विमा झीज भरून देत नाही. खड्ड्यात आदळून आर्म वाकला तर तो अपघात म्हणून दावा करता येतो. पण नेहमीच्या पॉलिसीत रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. त्यात नो क्लेम बोनस जातो तो वेगळा. हिशेब घातला तर लहान कामासाठी दावा न करणेच परवडते. करदात्याने खड्ड्यासाठी एकदा महापालिकेला आणि एकदा गॅरेजला पैसे द्यायचे, ही स्थिती संतापजनक आहे. त्यातल्या त्यात दुसरी रक्कम तरी जागच्या जागी खर्च करणे मालकाच्या हातात असते.

इतक्या जुन्या गाडीत पैसे घालावेत का?

मुंबईत खासगी मोटारीला वीस वर्षांची सरसकट वयोमर्यादा नाही. ती टॅक्सीला होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची आरटीओत, जुहूकरांसाठी अंधेरीला, तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले. पर्यावरण कर वेगळा.

नोंदणी वाढवली असेल, तर आणखी पाच वर्षे गाडी ठेवायची हे ठरलेलेच आहे. मग सस्पेन्शनचे काम एकदाच आणि चांगल्या मालाने करावे. वर्षभरात गाडी काढायची असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि तुटकी स्प्रिंग एवढे करावे, शॉकअप गळत नसतील तर राहू द्यावेत आणि घेणाऱ्याला तसे सांगावे. सगळा संच एकदम बदलण्याचे ‘पॅकेज’ मात्र दोन्ही बाबतींत नाकारण्यासारखे. गाडी वर असताना प्रत्येक भाग मालकासमोर हलवून दाखवावा. जो हलतो, गळतो किंवा फाटला आहे तो, आणि त्याचा दुसऱ्या बाजूचा जोडीदार, एवढाच बदलावा.

चांगला भाग टाकूनही सहा महिन्यांत आवाज परत का येतो?

बरेचदा दोष बसवण्याचा असतो. लोअर आर्मचा बुश हा रबराचा असतो आणि तो पिळला जाऊन काम करतो. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. योग्य रीत अशी : बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचे वजन चाकांवर आणायचे आणि मगच, टॉर्क पान्याने, शेवटचे आवळायचे. यासाठी पाच-दहा मिनिटे जास्त लागतात. ती दिली जात नाहीत, आणि दोष ‘डुप्लिकेट मालावर’ जातो.

बुश एकटा बदलावा की पूर्ण आर्म, याचे उत्तरही इथेच आहे. बुश दाबयंत्रावर नीट बसवण्याची सोय गॅरेजमध्ये असेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल, तर नुसता बुश पुरतो. हातोड्याने ठोकून बसवणार असतील तर पूर्ण आर्म घ्यावा. ज्या मॉडेलमध्ये बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेट केलेला किंवा दाबून बसवलेला असतो आणि तोही सैल झालेला असतो, तिथे पूर्ण आर्मच लागतो.

आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. नाहीतर नवे भाग टायरची एक कड खाऊन टाकतात. काढलेले जुने भाग डिकीत टाकून मागावेत आणि शक्य असेल तर बॉल जॉइंट हाताने हलवून पाहावा. काही शे किलोमीटरनंतर, म्हणजे जुहूच्या वापराने महिन्याभरात, गाडी पुन्हा एकदा वर घेऊन सगळे बोल्ट तपासायचे हे पैसे देण्याआधीच गॅरेजशी बोलून ठेवावे.